आवाज आपला, निरोप कुणाचा?

एप्रिल आला की दोन गोष्टी नेमानं होतात. आपल्या वस्त्यांवर निळं चढतं, आणि शहरातल्या शहाण्यांचे कान दुखायला लागतात. वर्षभर हेच कान वराती पचवतात, गणपती पचवतात, देवीचे नऊ दिवस पचवतात. चौदा एप्रिलला मात्र त्यांना डेसिबल आठवतात. पण हा लेख त्या कानांसाठी नाही. त्यांच्याशी आपलं भांडण जुनं आहे, ते चालू राहील. मला बोलायचंय ते तुमच्याशी, आणि खरं सांगायचं तर स्वतःशी. एका जयंतीत मी चुकीचा सल्ला दिला. त्याची किंमत माझा भाचा मोजतोय.

मी अमरावतीत राहतो. बहीण अकोल्यात दिली आहे. काही वर्षांपूर्वी तिच्या वस्तीतल्या पोरांनी जयंतीच्या बैठकीला मला बोलावलं. मी चार पुस्तकं वाचलेला, लिहिणारा, म्हणून माझ्या शब्दाला वजन. बैठकीत प्रश्न एकच, पैसा. जमलेली वर्गणी पेंडॉल आणि भोजनदानातच संपणार होती. तेवढ्यात निवडणुकीची तयारी करणाऱ्या एका पुढाऱ्याचा निरोप आला. डीजेचं भाडं तो देणार. वीस बाय दहाचा फ्लेक्स तो छापून देणार. अट काहीच नाही. फक्त फ्लेक्सवर फोटो.

कोपऱ्यात पेंटरबाबा बसले होते. त्यांचं खरं नाव वस्तीतही फार जणांना ठाऊक नाही. दुकानाच्या पाट्या, सभेचे बॅनर, ट्रकच्या मागची अक्षरं रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. फ्लेक्सची मशीन शहरात आली आणि त्यांचे ब्रश डब्यात वाळले. ते म्हणाले, "फोटो लावा ना भाऊ, कोन नाही म्हन्ते. पन तोंड त्याचं अन् गानं आपलं, हे जमते का?"

पोरं हसली. मीही हसलो. म्हणालो, "बाबा, जमाना बदलला. पैसा त्याचा, जयंती आपली." विषय मिटला. लाउडस्पीकरच्या परवानगीचा अर्ज गेला तो भाच्याच्या नावानं. त्याचं अक्षर चांगलं, म्हणून.

पुढं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी पेंटरबाबांचा प्रश्न. मोठ्यानं वाजणारं गाणं आणि मोठं टांगलेलं चित्र शहराच्या रस्त्यावर एकत्र येतात, तेव्हा ते दोन्ही कुणाचं असतं? ज्यानं गायलं त्याचं, ज्यानं रंगवलं त्याचं, जो नाचला त्याचं, की ज्यानं बिल भरलं त्याचं?

आधी आवाजाची बाजू मांडतो, कारण मी आवाजाच्या बाजूचा आहे.

वऱ्हाड म्हणजे कापूस. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६७ साली रेल्वे अकोला, बडनेरा मागं टाकत नागपूरला पोचली. तिला आपली ये-जा सोपी करायची नव्हती, तिला कापूस ओढायचा होता. सोनं व्यापाऱ्याच्या आणि सावकाराच्या घरी गेलं. वेचणी आपल्या बायांच्या बोटांवर राहिली. मिसिसिपीत कापूस वेचणारी काळी बाई आणि मूर्तिजापूरच्या शिवारात कापूस वेचणारी आपली बुढी, दोघींना एकमेकींचा पत्ता नव्हता. पण एकाच बाजाराच्या तराजूत दोघी उभ्या होत्या.

त्या काळ्या मजुरांच्या गाण्यातून ब्लूज निघालं. मडी वॉटर्स हा मिसिसिपीच्या मळ्यावर राबलेला माणूस. १९४३ साली तो शिकागोला आला. तिथल्या गुत्त्यांमध्ये गर्दी आणि गोंगाट. साध्या गिटारचा आवाज चार माणसांपलीकडं जाईना. मग त्यानं विजेची गिटार हातात घेतली. १९५० साली त्यानं केलेल्या एका गाण्यावरून १९६२ साली लंडनच्या गोऱ्या पोरांनी आपल्या बँडचं नाव ठेवलं, रोलिंग स्टोन्स. जगानं रॉक म्हणून जे डोक्यावर घेतलं त्याच्या मुळाशी हे आहे. ज्याचं कुणी ऐकत नव्हतं, त्यानं वीज लावली आणि ऐकवलं.

तेव्हा दोस्तांनो, विजेवरचा आवाज ही पैसेवाल्यांची चैन म्हणून जन्मली नाही. कापसाच्या रानातून शहरात आलेल्या माणसाची ती गरज होती. आपली गरज वेगळी होती काय? १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न अमरावतीत पेटला होता आणि बाबासाहेब इथं परिषदेचे अध्यक्ष म्हणून आले होते. ज्या गावात आपल्या आज्याला देवळाच्या बाहेर थांबवलं, त्याच गावात आज आपलं पोरगं इर्विन चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर घाम गाळत नाचतं. त्याच्या नाचण्यात मला इतिहास दिसतो. ज्या रस्त्यावरून आवाज न करता, अंग चोरून चालायची सक्ती होती, तो रस्ता छातीत घुमेल इतका वाजवावासा वाटणं यात मला काही बिघडलेलं दिसत नाही.

आपल्यातले काही जण धम्माचा दाखला देतात. नाचगाणं वर्ज्य आहे म्हणतात. त्यांना विचारा, कुठल्या शिलात? गृहस्थ उपासक घेतो ती पंचशीलं. नाच-गाणं-वाजवणं सोडण्याची प्रतिज्ञा अष्टशीलात येते आणि श्रामणेराच्या दहा शिलांत येते. उपोसथाचा दिवस पाळणाऱ्यानं ती जरूर पाळावी. पण गिरणीत, जिनिंगमध्ये, बांधकामावर राबून आलेल्या पोरावर श्रामणेराचं शील लादून त्याला वस्तीतून लाजवू नका.

इथपर्यंत मी आवाजाच्या बाजूनं उभा आहे. आता मला मागं वळून पाहावं लागतं.

आवाज आपल्याला नवा नाही. गावगाड्यात आवाजाचं काम आपल्याकडंच होतं. दवंडी कोण द्यायचं? पाटलाचा हुकूम, सरकारचा सारा, हरवलेली गाय, उद्याचा बाजार, सगळं गल्लीबोळांतून ओरडत फिरायचा तो बहुतेक आपलाच माणूस. सगळ्या गावात सर्वांत मोठा आवाज आपला, आणि त्या आवाजातला एक शब्दही आपला नाही. घसा आपला, निरोप दुसऱ्याचा. त्याबद्दल मिळायची भाकर, तीही वरून टाकलेली. १९५६ नंतर आपल्या बापांनी गावकीची कामं सोडली, मार खाल्ला, बहिष्कार सोसला, तो कशासाठी? घशावरचा दुसऱ्याचा हक्क संपावा, त्यासाठीही.

आता मला सांगा, पुढाऱ्यानं डीजेचं भाडं भरलं, पुढाऱ्याच्या तोंडाचा फ्लेक्स गाडीला लावला, आणि त्यामागं आपली चारशे पोरं नाचली. हे काय झालं? आवाज आपला, निरोप त्याचा. दवंडीच ही. फक्त चामड्याच्या जागी स्पीकर आला.

हे एकदा डोक्यात आलं आणि मी पेंटरबाबांकडं गेलो. विचारलं, "बाबा, पहिले कसं होतं?" त्यांनी आढ्याला लावलेली गुंडाळी खाली काढली. मांजरपाट, बारा हात. घड्यांवर रंग उडालेला. त्यांनी सांगितलं ते असं.

वस्तीत गायन पार्टी होती. हार्मोनियम, ढोलकी, झांज, मागं चार पोरं कोरसला. रात्री समाजमंदिरात तालीम चालायची. तिथंच भिंतीवर कापड ताणून पेंटरबाबा काम करायचे. आधी सरस लावायचा, वाळला की खडूनं चौकटी पाडायच्या, छोट्या फोटोवर तेवढ्याच चौकटी पाडायच्या आणि एकेक घर मोठं करत न्यायचं. एका कापडाला पंधरा दिवस. म्हणजे पंधरा रात्री गाणं आणि चित्र एकाच खोलीत. एकमेकांना ऐकत, एकमेकांना बघत.

एकदा पार्टीनं रमाईवर गाणं बसवलं, गोवऱ्या थापणारी रमाई. बाबांनी रंगवलेली रमाई होती भरजरी लुगड्यातली, कॅलेंडरवर देवी असते तशी. गायकाची माय पाणी द्यायला आली. चित्र बघून म्हणाली, "ह्या लुगड्यावर गोवऱ्या थापते का कोनी?" बाबांनी त्याच रात्री जर पुसून काढली. लुगड्याला ठिगळ दिलं. हाताला शेण दिलं.

दुसऱ्या वर्षी उलटं झालं. महाडचं चित्र होतं. बाबांनी चवदार तळ्यावरच्या गर्दीत बाया काढल्या होत्या. पार्टीच्या गाण्यात सगळे भाऊच भाऊ. बाया म्हणाल्या, "पोटात आमी हाओत अन् गान्यात काऊन नाही?" त्या रात्री कवीनं नवं कडवं जोडलं.

दोस्तांनो, गाणं आणि चित्र यांच्या नात्याबद्दल मी पुष्कळ जड जड वाचलंय. पण ठिगळाच्या या गोष्टीइतकं मला कुणी समजावलं नाही. गाणं चित्राला खोटं बोलू देत नव्हतं. चित्र गाण्याला विसरू देत नव्हतं. आणि दोघांवर वस्तीची नजर होती. पाणी द्यायला आलेली म्हातारी कलेची समीक्षक होती, कारण कापड तिच्या वर्गणीतून आलं होतं.

हे एका वस्तीपुरतं नव्हतं. १९३०च्या दशकात नाशिककडं भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव फिरले. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) पायाला भिंगरी लावून आयुष्यभर गात राहिले. दीक्षाभूमीवर आजही गाण्याची छोटी पुस्तकं, फोटो, पोस्टर एकाच पथारीवर विकायला असतात. गाणं घरी न्यायचं तर चित्र सोबत येतं, चित्र भिंतीवर लागलं की गाणं तोंडात येतं. आपल्या लोकांनी हे दोन्ही कधी वेगळं केलं नव्हतं.

फ्लेक्सनं वेगळं केलं. बाबासाहेबांचा फोटो कुठून तरी उतरवला, पुढाऱ्याचा फोटो स्टुडिओत काढला, दोन्ही मशीननं एका रात्रीत चिकटवले. गाणी पेन ड्राइव्हमध्ये. चित्रानं गाणं ऐकलं नाही, गाण्यानं चित्र पाहिलं नाही, आणि वस्तीनं दोन्ही पाहिलं ते थेट रस्त्यावर. आमच्या त्या फ्लेक्सवर बाबासाहेब बोट वर करून उभे होते. १९६७ साली संसदेच्या आवारात ब्रह्मेश वाघांनी घडवलेला पुतळा बसला, त्यात आहे तसे. ते बोट पुढाऱ्याच्या गालाला टेकलं होतं. जणू बाबासाहेब सांगताहेत, बघा, हाच तो. आणि त्याचं डोकं बाबासाहेबांच्या डोक्यापेक्षा मोठं. त्याखाली आपली पोरं वामनदादांच्या गाण्याचं रिमिक्स लावून बेभान. पेंटरबाबांनी विचारलं होतं तेच. तोंड त्याचं अन् गानं आपलं. जमलं नाही. तोंडानं गाणं खाल्लं.

मग काय, मांजरपाटाकडं परत चला असं मी म्हणतोय? नाही. छपाई, वीज, मशीन यांना मी घाबरत नाही. १९६७ साली कॅलिफोर्नियात एमरी डग्लस हा तरुण चित्रकार ब्लॅक पँथर पक्षात गेला. व्यापारी जाहिरातकला शिकलेला. त्यानं पक्षाच्या वर्तमानपत्रासाठी चित्रं काढली, लाकडी ठशावरून उठवल्यासारख्या जाड रेघांची. तीच चित्रं पोस्टर होऊन ओकलंडच्या काळ्या वस्तीच्या भिंतींवर लागली. त्यात भाडं थकलेली बाई होती, उंदीर होते, हातात बंदूक घेतलेली आई होती. १९७० साली त्याच पक्षाच्या साध्या कार्यकर्त्यांनी ‘द लंपेन’ नावाचा बँड काढला. विजेची गिटार, ड्रम, दणदणीत ठेका. दिवसा पक्षाचं काम करायचं, रात्री गायचं. चित्र आणि गाणं एकाच चुलीवर शिजत होतं.

खाडीच्या पलीकडं सॅन फ्रान्सिस्कोत त्याच वर्षांत रॉकच्या कार्यक्रमांची पोस्टरं निघत होती. वेस विल्सनसारख्या चित्रकारांनी वितळणारी, ज्वाळेसारखी अक्षरं काढली. ती चित्रं अस्सल होती, हे मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही. पण ती तिकीट खपवायला निघत होती. एमरीचं पोस्टर म्हणत होतं, तुझ्या घरात उंदीर का आहेत ते बघ. दोन्हीकडं छापखाना होता, दोन्हीकडं वीज होती. फरक मालकीचा होता, आणि कुणासाठी काढलं याचा होता.

त्या पँथरचं नाव १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी घेतलं. आपल्या अनियतकालिकांची चित्रंही मला त्याच घराण्यातली वाटतात. सायक्लोस्टाइलच्या मेणकागदावर लोखंडी लेखणीनं कोरताना मोठा काळा भाग भरता येत नाही, कागद फाटतो. म्हणून आपली चित्रं बारीक रेघांची. गरिबीनं दिलेली शैली ती. पण त्या रेघेच्या कडेला कुणा पुढाऱ्याचं तोंड कधी चिकटलं नाही.

आणि विजेचं म्हणाल तर २०१८च्या जानेवारीत चेन्नईत कास्टलेस कलेक्टिव्ह नावाचा बँड रंगमंचावर उभा राहिला. दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेनमा यांनी उभा केलेला. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतलं गाना, रॉक आणि रॅप एकत्र. मुंबईत कबीर शाक्य यांनी धम्म विंग्ज नावाचा बौद्ध रॉक बँड काढला. म्हणजे गिटार आपल्या हाताला परकी नाही. परकं आहे ते भाडं.

एक आक्षेप मला माहीत आहे, कारण त्या बैठकीत मी स्वतः तो घेतला होता. वस्ती गरीब आहे. पैसा घेतला तर काय बिघडलं? पुढारी आपल्याच समाजाचा असला तर? दोस्तांनो, पुढारी आपला असला तरी हिशेब बदलत नाही. बाबासाहेबांनी १९४३ साली पुण्यात रानड्यांच्या जयंतीच्या भाषणात विभूतिपूजेवर कोरडे ओढले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितलं की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते. आपण त्यांचीच जयंती करतो, आणि त्यांच्याच फोटोला शिडी करून दुसऱ्याला वर चढवतो. याला पैशाची अडचण म्हणून सोडून देता येत नाही. हा नीतीचा प्रश्न आहे. आपलं गाणं हे आपलं मत आहे. मत विकू नका म्हणून आपण वस्तीत सभा घेतो. गाणं भाड्यानं देताना सभा घेत नाही.

आता भाच्याचं.

मिरवणूक रात्री लांबली. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम तुम्हाला माहीत असतील. रात्री दहा ते सकाळी सहा, उघड्यावर लाउडस्पीकर बंद. आमचा डीजे दहा वाजून गेले तरी चालू होता. चालू का होता? पुढारी यायचा होता. त्याच्या हातून हार घालायचा होता. तो आला, हार घातला, फोटो काढले, गेला. त्यानंतर गुन्हा दाखल झाला. कुणावर? अर्जावर ज्याचं नाव, त्याच्यावर. फ्लेक्सवर ज्याचं नाव वीतभर मोठ्या अक्षरात होतं, त्याचं नाव कागदावर कुठंच नव्हतं. त्याचा फोन तीन दिवस बंद होता. चौथ्या दिवशी लागला तेव्हा तो म्हणाला, बघतो.

भाचा पोलीस भरतीची तयारी करत होता. रोज पहाटे धावायचा. आता चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर ‘गुन्हा दाखल आहे काय’ या रकान्यासमोर त्याला ‘होय’ लिहावं लागतं. प्रकरण अजून कोर्टात आहे. तो मला एका शब्दानं बोलला नाही. एकदाच म्हणाला, "मामा, अर्ज लिवतानी अक्षर खराब असतं तं बरं झालं असतं." मी त्याला काय उत्तर देणार होतो? पैसा त्याचा आणि जयंती आपली, हे वाक्य माझं होतं. गुन्हा तेवढा त्याच्या वाट्याला आला.

म्हणून तुम्हाला सांगतो. या वर्षी बैठकीला बसाल तेव्हा परवानगीचा अर्ज आणि फ्लेक्सचा मसुदा शेजारी शेजारी ठेवा. अर्जावर सही करणाराच चित्रात काय येईल ते ठरवेल, असं बैठकीत मंजूर करून घ्या. ज्याला चित्रात यायचंय त्यानं अर्जावर सही करावी. बघा किती जण पेन हातात घेतात. आवाज करा, पण वर्गणीतून जेवढा होईल तेवढाच करा. घरटी वीस रुपयांत दोनच स्पीकर येत असतील तर दोनच लावा. त्या दोन स्पीकरांवर कुणाचा हक्क नसेल.

बहिणीच्या वस्तीत गेल्या जयंतीला फ्लेक्स लागला नाही. समाजमंदिराची मागची भिंत चुन्यानं पांढरी केली. पेंटरबाबांचा हात आता थरथरतो, म्हणून ते खुर्चीवर बसून सांगत होते आणि पोरं चौकटी पाडत होती. बाबासाहेबांचा एक डोळा जरा मोठा झाला. आतल्या खोलीत पोरं-पोरी गाणं बसवत होती, उसनी आणलेली एक विजेची गिटार आणि एक ढोलकी. भाचा शिडीवर चढून कोटाला निळा रंग देत होता. मी खाली डबा धरून उभा होतो. एक म्हातारी येऊन बराच वेळ भिंतीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "डोया मोठा झाला, पन ऱ्हाऊ द्या. पाह्यते तं आपल्याकडंच."

जयभीम.